फिरत्या घरातील चूल

नवी मुंबईतील अनेक घरांत हल्ली सुट्टीचा एक नवा बेत शिजू लागला आहे. कॅरव्हॅन भाड्याने घ्यावी, आई-वडिलांना सोबत न्यावे आणि पनवेलमार्गे कोकणात उतरावे, नाहीतर घाट चढून महाबळेश्वर गाठावे. ज्येष्ठांच्या दृष्टीने या बेतात खरी सोय आहे. पाठ टेकायला जागा हाताशी असते आणि स्वच्छतागृहासाठी ढाबा शोधावा लागत नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. या वाहनात छोटा ओटा, फ्रीज व मायक्रोवेव्ह असावा आणि मुक्कामाच्या तळावर पाणी व वीज मिळावी, अशी कल्पना त्यामागे आहे. प्रत्यक्षात भाड्याने मिळणारी गाडी आणि मुक्कामाचे ठिकाण पाहूनच काय ते कळते. म्हणून स्वयंपाकाचे एखादे उपकरण घरून न्यावे, असे बहुतेकांना वाटते आणि ते योग्यच आहे.

मात्र दुकानात जाण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी. सहलीतील सर्वांत वक्तशीर जेवण कोणाचे आहे? घरात इन्सुलिन घेणारी व्यक्ती असेल, तर उपकरणाची निवड तिच्या घड्याळावरून करावी. जेवणापूर्वीचे इन्सुलिन टोचले आणि भात शिजायला पाऊण तास लागला, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. घाम, थरथर व गोंधळलेपणा ही तिची लक्षणे. प्रवासात ती थकवा समजून दुर्लक्षिली जाण्याची भीती अधिक. सहलीपुरता साधा नियम असा, की ताट समोर आल्याशिवाय सुई हाती घेऊ नये. वेळांचे बाकी गणित आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

या कसोटीवर पहिली बाद होते ती गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लावायची केटल. ती स्वस्त असते, सुबकही दिसते. पण तिची शक्ती १२० ते १५० वॅट एवढीच, तर घरच्या केटलची १५०० वॅट. घरी एक लिटर पाणी चार-पाच मिनिटांत उकळते, येथे पस्तीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत वाट पाहावी लागते. औषधापुरते कपभर पाणी कोमट करायला ती ठीक. तिच्यावर जेवणाची भिस्त ठेवू नये.

इंडक्शन शेगडी वेगवान असते, पण तिची भूकही तशीच मोठी. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-अवर वीज असते. बॅटरी साध्या शिसे-आम्लाची असेल, तर तिला इजा न होता त्यातली निम्मीच वापरता येते. १२०० वॅटची शेगडी वीस मिनिटे चालवली, की त्यातील ४०० वॅट-अवर संपतात. म्हणून गाडीमालकाला ‘इन्व्हर्टर आहे का’ असे विचारून थांबू नये, ‘किती वॅटचा आहे’ हेही विचारावे. मुक्कामी विजेची जोडणी मिळाली, तरी सॉकेट पाहावे. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर १२०० वॅटपर्यंतचे उपकरण चालते. दोन हजार वॅटच्या शेगडीला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. ज्यांना पेसमेकर बसवला आहे, त्यांनी चालू इंडक्शनपासून किमान साठ सेंटिमीटर दूर राहावे. घरच्या ऐसपैस ओट्याशी हे सहज जमते, कॅरव्हॅनच्या अरुंद जागेत मुद्दाम जमवावे लागते.

माझ्या मते दोन-तीन माणसांच्या कुटुंबाला रुंद तोंडाची, ६०० ते ८०० वॅटची, आपोआप बंद होणारी विजेची केटल आणि एक उत्तम व्हॅक्यूम थर्मास एवढे पुरते. मूगडाळ व तांदूळ अर्धा तास भिजवून केटलमध्ये दहा मिनिटे खळखळून उकळावेत. थर्मास आधी उकळत्या पाण्याने तापवून घ्यावा, काठोकाठ भरावा आणि घट्ट बंद करावा. तास-दीड तासात खिचडी मऊ होते, शिवाय गाडी चालू असताना विस्तव लागत नाही. उघडल्यावर वाफ निघेनाशी झाली असेल, तर ती खिचडी ज्येष्ठांना देऊ नये. कोमट भातात जंतू झपाट्याने वाढतात. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तेथे तूरडाळीचा हट्ट असेल, तर इंडक्शनवर चालणारा दीड-दोन लिटरचा कुकर न्यावा.

केटल घेताना ती पाण्याने भरून उचलून पाहावी. संधिवाताच्या बोटांना दोन किलो वजन तिरके करणे जड जाते. मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावली असेल, तर चटका उशिरा कळतो. झाकण एका हाताने उघडणारे आणि मूठ बाहेरून गार राहणारी हवी. पाणी अर्धेच भरावे व उकळताना गाडी उभी असावी.

आता गॅसविषयी. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटक डब्यात पहाटे आग लागली. लखनौहून आलेल्या यात्रेकरूंपैकी काहींनी नियम मोडून सिलिंडर आत आणला होता आणि चहा करताना भडका उडाला. नऊ जीव गेले. तो रेल्वेचा डबा होता. परंतु अरुंद वाट, बंद खिडक्या आणि झोपलेली माणसे कॅरव्हॅनमध्येही तशीच असतात. गळलेला गॅस हवेहून जड असल्याने तळाशी, म्हणजे खालच्या बिछान्याच्या पातळीवर साचतो. त्याला मुद्दाम दिलेला उग्र वास वयपरत्वे मंदावलेल्या नाकाला जाणवेलच असे नाही. बंद जागेत शेगडी पेटवली, तर कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा धोकाही असतो. त्याला वासच नसतो. डोकेदुखी, मळमळ आणि गुंगी यांना आपण ‘गाडी लागली’ म्हणतो आणि पांघरूण घालून निजवतो. असे सर्वांनाच एकदम होऊ लागले, तर आधी सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

लहान कॅनवर चालणारी शेगडी न्यायचीच असेल, तर ती मोकळ्या जागेत, गाडीपासून दूर, सपाट जमिनीवर पेटवावी. सुटे कॅन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत. कोळशाच्या शेगडीने आतली थंडी घालवण्याचा विचार मुळीच नको.

निघण्याच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी घरीच, नेहमीचा ओटा न वापरता, नेणार त्याच उपकरणांवर सर्वांचा स्वयंपाक करून पाहावा. घड्याळ लावावे आणि केटल आजींच्याच हाती द्यावी. जेवण ताटात पडायला लागलेली मिनिटे औषधांच्या पिशवीतील चिठ्ठीवर लिहून ठेवावीत.