बाई, तुझी नोंद तूच सांग



जनगणनेचा प्रगणक दाराशी आला की बहुतेक घरांत बाई आत जाते आणि मालक उत्तरे देतात. मालक कामावर असले तर बाई म्हणते, "संध्याकाळी या." मग संध्याकाळी प्रश्न येतो, "बायको काय करते?" उत्तर ठरलेले असते, "काही नाही, घरीच असते." तीच बाई सकाळी चार घरची धुणीभांडी करून आलेली असते. कुणी विड्या वळते, कुणी पापड लाटते, कुणी सुगीत खुरपणीला जाते. कागदावर मात्र ती "काही नाही" होते.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या साधारण २५ च स्त्रिया काम करणाऱ्या ठरल्या, पुरुष ५३. आपल्या वस्तीकडे पाहून हे पटते का? घरच्या शेतातले, घरच्या धंद्यातले बिनपगारी कामही काम धरावे, असे १९९१ पासून प्रश्नातच घातले आहे. वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळाले तरी त्याची नोंद होते. स्वयंपाक आणि मुलांचे करणे त्यात धरत नाहीत, तो लढा बाकी आहे. पण जे धरतात तेही आपण सांगितले नाही, तर दोष कुणाला द्यायचा?

घरयादीत पाणी, संडास, चुलीचे जळण विचारतात. मालक म्हणतात, "नळ आहे." तो नळ घरात आहे की लांब, हे हंडा वाहणारीलाच ठाऊक!

आता धर्म आणि जात. १९५१ साली महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. धम्मदीक्षेनंतर १९६१ साली ती २७ लाखांवर गेली. घराघरांतून ठामपणे "बौद्ध" असे सांगितले गेले, म्हणून हे घडले. धर्माच्या रकान्यात बौद्ध सांगा. मात्र अनुसूचित जातींच्या यादीत जातींची नावे आहेत, धर्माचे नाही. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा हक्क मिळाला आहे, म्हणून जात विचारल्यावर यादीतले नाव सांगा. राखीव जागा याच आकड्यांवर ठरतात.

समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, ही बाबासाहेबांची शिकवण. ते माप जनगणनेतच सापडते. २००१ साली देशात स्त्रियांची साक्षरता शेकडा ५४ च्या आत होती, बौद्ध स्त्रियांची जवळजवळ ६२. हे आपल्या आया-आज्यांच्या कष्टाचे फळ. लेकीचे शिक्षण बरोबर सांगितले नाही, तर ते कुठे दिसणार?

काही बायांना भीती वाटते. नवऱ्याचे नाव घेण्याची रीत नसेल, तर १९४८ चा जनगणना कायदा तशी सक्ती करत नाही. दिलेली माहिती गुप्त राहते, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. तेव्हा टाकून दिलेली असो, विधवा असो वा एकटीने घर चालवणारी असो, "कुटुंबप्रमुख मीच" असे सांगायला कचरू नका.

या जनगणनेला आणखी एक महत्त्व आहे. लोकसभा-विधानसभेत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती २०२३ साली झाली. त्यानंतरची जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच त्या जागा मिळतील, असे तिच्यात लिहिले गेले. म्हणजे संसदेचा रस्ताही आपल्या दारावरून जातो.

या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. मोबाईलवर स्वतः माहिती भरायचीही सोय आहे. पण घरातला मोबाईल बहुधा पुरुषाच्या हातात असतो. तो भरत असेल तेव्हा शेजारी बसा, आपले काम, शिक्षण आणि वय स्वतः सांगा. शिकलेल्या मुलीला प्रत्येक उत्तर वाचून दाखवायला सांगा. विहारातल्या महिला मंडळाने एका रविवारी एवढाच विषय घ्यावा. शेजारच्या म्हातारीचे आणि घरकामाला राहणाऱ्या पोरीचे नाव सुटले नाही ना, हेही पाहावे. ज्यांची मोजणी होत नाही, त्यांच्या वाट्याला काही येत नाही.