ब्रिटनचा काडीमोड, आयर्लंडचा संसार

एखाद्या राष्ट्राने व्यापारी गटातून बाहेर पडावयाचे ठरविले, तर त्या निर्णयावर त्याच्या नागरिकांना मत देता येते. शेजारच्या राष्ट्राला मात्र असे मत नसते. त्याच्या वाट्याला फक्त परिणाम येतात. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के अशा बहुमताने युरोपीय महासंघ सोडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन विधिवत बाहेर पडले आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला संक्रमणकाळही संपला. या निर्णयाने ब्रिटनचे काय झाले याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ज्या देशाची एकमेव भूसीमा ब्रिटनशी भिडलेली आहे, त्या आयर्लंडमधील कामकऱ्यांचे आणि स्थलांतरितांचे काय झाले, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे.

आयर्लंड आणि ब्रिटन हे दोन्ही देश १ जानेवारी १९७३ रोजी, डेन्मार्कसह, युरोपच्या सामायिक बाजारपेठेत दाखल झाले. त्या काळी आयर्लंडच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल ब्रिटनकडे जात असे. मोठा ग्राहक जेथे जाईल तेथे छोट्या विक्रेत्याने जावयाचे, असाच तो व्यवहार होता. पुढील चार दशकांत आयर्लंडने युरोप व अमेरिकेत नव्या बाजारपेठा मिळविल्या, औषधनिर्मिती व संगणक क्षेत्रातील परदेशी कंपन्यांना आपल्याकडे आणले आणि सार्वमताच्या सुमारास मालाच्या निर्यातीतील ब्रिटनचा वाटा सुमारे एक अष्टमांशावर आला होता. वरवर पाहता धोका टळला होता असे वाटेल.

परंतु सरासरी हे फार फसवे माप आहे. एकूण निर्यातीत एक अष्टमांश असलेला हा वाटा अन्नपदार्थांच्या निर्यातीत एक तृतीयांशाहून अधिक होता. औषधांच्या कारखान्यात अब्जावधींचा माल थोड्या हातांतून निघतो. गोमांस, चीज, अळंबी यांच्या उद्योगात मात्र त्या मानाने कितीतरी अधिक माणसे लागतात आणि ती माणसे डब्लिनमध्ये नव्हे, तर गावोगावी विखुरलेली असतात. म्हणजे ब्रिटनवर सर्वाधिक अवलंबून असलेले उद्योग हेच ग्रामीण रोजगाराचे उद्योग होते. झळ लागली ती नेमकी तेथे.

हुंडणावळीचा पहिला तडाखा

अळंबीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आयर्लंडमध्ये पिकणाऱ्या अळंबीपैकी सुमारे चार पंचमांश माल ब्रिटनच्या दुकानांत जातो. हा माल नाशवंत. काढल्यापासून काही दिवसांत तो ग्राहकाच्या हाती पडला पाहिजे. त्यामुळे ब्रिटन नाही तर जर्मनी, असा पर्याय येथे सहजासहजी उपलब्ध नसतो. दुकानदारांशी झालेले करार पौंडांत, किंमत आगाऊ ठरलेली. मजुरी मात्र युरोत द्यावयाची. सार्वमताच्या दिवशी एका युरोला सुमारे ७६ पेन्स पडत होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये हाच दर ९० पेन्सच्या घरात गेला. म्हणजे तोच एक पौंड मिळविणाऱ्या उत्पादकाच्या हाती पूर्वी १ युरो ३१ सेंट येत असत, ते आता १ युरो ११ सेंट येऊ लागले. ज्या धंद्यात नफ्याचे प्रमाणच तुटपुंजे, तेथे पंधरा टक्क्यांची घट म्हणजे टाळे लागण्याची वेळ. त्या वर्षी काही शेतांना प्रत्यक्षात टाळी लागलीही.

येथे दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, तोवर ब्रिटन महासंघातून बाहेर पडलेले नव्हते. एकही नवी जकात बसलेली नव्हती. केवळ बाहेर पडण्याच्या निर्णयाने हुंडणावळ कोसळली आणि शेजारच्या देशातील रोजगार गेला. दुसरी गोष्ट अशी की, अळंबी काढण्याचे काम करणाऱ्या बहुतांशी पूर्व युरोपातून आलेल्या स्त्रिया होत्या. एका देशाच्या मतदाराने कौल दिला, दुसऱ्या देशाच्या मालकाने धंदा आवरला आणि तिसऱ्या देशातून आलेली मजूर स्त्री बेकार झाली. व्यापार आणि स्थलांतर हे वेगळे विषय नाहीत, हे सांगावयास याहून स्पष्ट दाखला नको.

नव्या वाटा, जुन्या वस्त्या

प्रत्यक्ष विच्छेदानंतर मालाच्या वाटाच बदलल्या. पूर्वी आयर्लंडच्या मालमोटारी जहाजाने वेल्समध्ये उतरत, ब्रिटन आडवे ओलांडत आणि पुन्हा जहाजाने फ्रान्सला पोहोचत. वीस तासांच्या आत हा प्रवास होई. जानेवारी २०२१ पासून या मार्गावर कागदपत्रांचे जंजाळ उभे राहिले. तेव्हा रॉसलेअर बंदरातून थेट डंकर्कला जाणारी नवी जहाजसेवा सुरू झाली; तिला सुमारे चोवीस तास लागतात. वेळ अधिक, परंतु कटकट कमी. पूर्वी युरोपच्या मुख्य भूमीकडे आठवड्यातून मोजक्या फेऱ्या करणारे हे बंदर वर्षभरात तीस फेऱ्यांच्या पुढे गेले. त्या जानेवारीत ग्रेट ब्रिटनमधून आयर्लंडला येणारी आयात आदल्या वर्षीच्या जानेवारीच्या तुलनेत ६५ टक्क्यांनी घटली. उलट, उत्तर आयर्लंडकडून दक्षिणेत येणारा माल २०२१ मध्ये ६५ टक्क्यांनी वाढून ३.९ अब्ज युरोंवर गेला. मालाला वाट मिळतेच. पाण्याप्रमाणे तो उताराकडे धावतो.

डब्लिन शहराला तर लाभच झाला. लंडनमधील काही मोठ्या बँकांनी महासंघातील आपल्या व्यवहारांसाठी डब्लिनची निवड केली. बार्कलेज आणि बँक ऑफ अमेरिका ही त्यांतील ठळक नावे. देशातील बेकारी कोविडनंतर चार टक्क्यांच्या आसपास उतरली. या आकड्यांच्या आधारे काही जण असे म्हणतात की, ब्रिटनच्या काडीमोडाने आयर्लंडचे नुकसान न होता भलेच झाले. हे विधान निखालस खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे. गेलेला रोजगार आणि आलेला रोजगार यांची बेरीज-वजाबाकी कागदावर जमते, माणसांच्या बाबतीत जमत नाही. डोनेगल परगण्यातील किलिबेग्ज बंदरावरील पन्नाशीचा खलाशी डब्लिनच्या बँकेत हिशेबनीस होऊ शकत नाही.

आणि किलिबेग्जचे दुखणे खरे आहे. डिसेंबर २०२० च्या व्यापार करारात महासंघाने ब्रिटनला मासेमारीचा जो हिस्सा परत दिला, त्याचा मोठा भार मॅकरेल व कोळंबी पकडणाऱ्या आयरिश कोळ्यांवर पडला. कोटा घटल्याने बोटी मोडीत काढण्यासाठी भरपाईची योजना आखावी लागली. विच्छेदाची झळ सोसणाऱ्यांसाठी महासंघाने जो खास निधी उभारला, त्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे एक अब्ज युरोंचा, आयर्लंडला मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु भरपाई एकदाच मिळते. बोट मोडली की तिच्याबरोबर बर्फाचा कारखाना, जाळी दुरुस्त करणारा, मासे साफ करणाऱ्या स्त्रिया या सर्वांचे काम आटते आणि पुढच्या पिढीला ते पुन्हा मिळत नाही.

माल मोकळा, माणूस अडलेला

आता सीमेचा विचार करू. उत्तर आयर्लंड व आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्यामधील सुमारे पाचशे किलोमीटरच्या सीमेवर दोनशेहून अधिक ठिकाणी रस्ते ओलांडतात. साडेतीन हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या रक्तपातानंतर १० एप्रिल १९९८ रोजी शांतता करार झाला आणि या सीमेवरील पहाऱ्याचे बुरूज उतरले. तेथे पुन्हा नाकी उभारली, तर शांतताच धोक्यात येईल, या भीतीने वाटाघाटींना ग्रासले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यातून वाट काढणाऱ्या दोघा पंतप्रधानांपैकी एक, लिओ वराडकर, हे मालवण तालुक्यातील वराड या गावच्या वैद्याचे पुत्र. तोडगा असा निघाला की, मालापुरते उत्तर आयर्लंडने युरोपीय बाजारपेठेचे नियम पाळावेत आणि तपासणी सागरी मार्गावर व्हावी. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्याने त्यातील जाच काहीसा कमी केला.

या तोडग्याने मालाची सोय झाली. उत्तरेतील दुधापैकी सुमारे एक तृतीयांश दूध प्रक्रियेसाठी दक्षिणेतील कारखान्यांत जाते. ते आजही विनासायास जाते. माणसांचे मात्र तसे नाही. ब्रिटिश व आयरिश नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याचा व काम करण्याचा हक्क १९२० च्या दशकापासूनच्या सामायिक प्रवासक्षेत्रामुळे आहे आणि तो मे २०१९ मधील करारपत्राने पुन्हा पक्का झाला. परंतु डोनेगलमध्ये राहणाऱ्या पोलिश कामगाराला हा हक्क नाही. २०२० अखेरपूर्वी तो डेरी शहरात कामाला जात असेल, तर त्याला सीमापार कामगाराचा परवाना मिळू शकतो. त्यानंतर तेथे नवी नोकरी धरावयाची असेल, तर त्याला परदेशी माणसाप्रमाणे व्हिसा हवा. नाके दिसत नाही. पण ते आहे. ते आता रस्त्यावर नसून कामगाराच्या पारपत्रात आहे.

स्थलांतर थांबले नाही, फिरले

स्थलांतर आवरणे हा ब्रिटनच्या काडीमोडामागील मोठा हेतू होता. प्रत्यक्षात काय घडले? जानेवारी २०२१ पासून महासंघातील कामगारांचा मुक्त प्रवेश बंद झाला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत मालमोटारींचे चालक मिळेनात, कोंबड्यांच्या कारखान्यांत हात मिळेनात, तेव्हा सरकारने घाईघाईने ५,००० चालक आणि ५,५०० कारखाना-कामगार यांच्यासाठी तात्पुरते व्हिसा जाहीर केले. पुढे जून २०२३ अखेरच्या वर्षात ब्रिटनमधील निव्वळ आगमन नऊ लाखांच्या पुढे गेले. सार्वमतापूर्वीच्या आकड्याच्या ते दुपटीहून अधिक होते. फरक एवढाच की, पोलंड व रुमेनियाच्या जागी भारत, नायजेरिया येथून माणसे आली. नंतर नियम कडक झाले व आकडा उतरला. परंतु गट सोडल्याने कामगाराची गरज संपत नाही, हे सिद्ध झाले.

या वळणाचा एक फाटा थेट गोव्यापर्यंत पोहोचतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ते घेऊन हजारो गोमंतकीय कुटुंबांनी स्विंडन, साउथॉल, लेस्टर येथे बिऱ्हाडे थाटली. कारण पोर्तुगालचे पारपत्र म्हणजे ब्रिटनमधील रोजगाराचा दरवाजा होता. २०२० संपताना हा दरवाजा नव्याने येणाऱ्यांसाठी बंद झाला. तेच पारपत्र आयर्लंडमध्ये मात्र आजही चालते.

आयर्लंडची बाजूही बदलली आहे. जी भूमी दीड शतक माणसे बाहेर पाठवीत राहिली, तिची लोकसंख्या २०२२ च्या शिरगणतीत १८५१ नंतर प्रथमच पन्नास लाखांवर गेली. त्या शिरगणतीत ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिकांची नोंद झाली आणि त्या वर्षी दिलेल्या सुमारे चाळीस हजार कामाच्या परवान्यांत भारतीयांचा वाटा सर्वांत मोठा होता. एप्रिल २०२४ मध्ये ब्रिटनने आश्रयार्थींना रवांडात पाठविण्याचा कायदा केला, तेव्हा अनेक आश्रयार्थी उत्तरेकडून भूसीमा ओलांडून डब्लिनला येऊ लागल्याचे आयरिश सरकारने सांगितले. ती योजना त्याच वर्षी जुलैत ब्रिटनच्या नव्या सरकारने गुंडाळली. पण २०२४ मध्ये आयर्लंडमधील आश्रयाचे अर्ज १८ हजारांवर गेले. ज्या सीमेवर नाके नको म्हणून आयर्लंडने चार वर्षे आग्रह धरला, त्याच उघड्या सीमेबद्दल आता तेथे कुरबुर ऐकू येते.

ही कुरबुर कोणत्या दिशेने वळते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. घरभाडी भडकली, वस्त्यांत ताण आला, की बोट स्थलांतरिताकडे दाखविणे सोपे असते. परंतु बेकारी चार-पाच टक्के असताना परका कामगार स्थानिकांच्या तोंडचा घास काढतो, हा आरोप आकड्यांपुढे टिकत नाही. टंचाई नोकऱ्यांची नाही, घरांची आहे. आणि घरे न बांधण्याचा दोष सीमा ओलांडून आलेल्याचा नव्हे.

यातून निघणारे निष्कर्ष उघड आहेत. शेजारी गट सोडून जातो तेव्हा देशाचे सरासरी उत्पन्न वाढूनही गावाचा धंदा बुडू शकतो. म्हणून भरपाईचा पैसा राजधानीकडे न वळविता किनाऱ्याला व सीमेवरील परगण्यांना, आणि तोही दीर्घकाळच्या पर्यायी रोजगारासाठी, मिळाला पाहिजे. दुसरे, मालासाठी जेवढी कसोशीने तोड काढली, तेवढीच ती सीमापार काम करणाऱ्या माणसासाठीही काढावयास हवी. १९ मे २०२५ रोजी लंडन येथे ब्रिटन व महासंघ यांनी अन्नपदार्थांवरील तपासण्या कमी करण्याचे तत्त्वतः मान्य केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्याच बैठकीत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवितानाही आयरिश कोळ्यांचा गेलेला हिस्सा परत आला नाही, हेही विसरता येत नाही.

सार्वमताचा अधिकार ब्रिटिश जनतेचा होता आणि तो तिने बजावला. त्याबद्दल शेजाऱ्याने तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती हिशेबाची. राष्ट्रे करार मोडतात तेव्हा त्याची किंमत राष्ट्रांच्या नावे मांडली जाते. प्रत्यक्षात ती चुकती करतात अळंबीच्या शेतातील मजूर स्त्री, किलिबेग्जचा खलाशी आणि डेरीची नोकरी धरू न शकणारा पोलिश कामगार. त्यांच्यापैकी कोणालाही त्या दिवशी मतपत्रिका मिळालेली नव्हती. निदान पुढच्या वाटाघाटीच्या मेजावर तरी त्यांचे नाव निघावे, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.