केडगावचं बायबल आणि आपल्या वर्गातलं पुस्तक



पुस्तकाची 'देखणी आवृत्ती' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चामड्याचं कव्हर, सोनेरी कडा आणि काचेचं कपाट येतं. धर्मग्रंथ असेल तर विचारूच नका. लाल कापडात गुंडाळायचा, वर्षातून एकदा उघडायचा, हळदकुंकू वाहून परत ठेवायचा. पुस्तक वाचण्यासाठी नीट बनवलेलं असावं, ही गोष्ट या सगळ्यात कुठेच येत नाही. म्हणून आज आपल्याच पुणे जिल्ह्यात तयार झालेल्या एका पुस्तकाबद्दल लिहितोय.

कापूरहोळहून नारायणपूर, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे असं करत चौफुल्याला निघालं, की जवळच केडगाव. दौंड तालुक्यातल्या या गावी पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन आहे. पाठ्यपुस्तकात रमाबाई येतात त्या 'समाजसुधारक' म्हणून. जन्म १८५८, शारदा सदन १८८९, एका वाक्यात उत्तरे लिहा, झालं! त्यांनी सबंध बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांमधून मराठीत आणलं, हे मुलांना सोडा, आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? संस्कृत त्या लहानपणीच आईकडून शिकल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास मात्र पंचेचाळिशीच्या पुढचा. विद्यार्थ्यांना हे जरूर सांगा, आणि 'आता या वयात काय शिकायचं' म्हणणाऱ्या पालकांनाही सांगा.

बायबल तेव्हा मराठीत नव्हतं असं नाही. विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये मराठीत छापलं होतं. त्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' निघालं. मराठी भाषेतलं, पण रोमन लिपीत छापलेलं, कारण देवनागरी खिळेच नव्हते. मग रमाबाईंनी हा खटाटोप पुन्हा कशाला केला? त्यांच्यापुढे वाचक कोण होता ते पाहिलं की कळतं. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुली, टाकलेल्या बायका, विधवा, थोडक्यात नुकतीच अक्षरओळख झालेली माणसं. त्यांना जड संस्कृत शब्दांचं भाषांतर काय कामाचं? जिचं संस्कृत ऐकून कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तीच बाई सोप्या मराठीसाठी पुढची दीडेक तपं घासत बसली. मला विचाराल तर त्यांची खरी विद्वत्ता इथे दिसते.

आणि छापलं कुणी? तिथल्याच बायकांनी. खिळे जुळवणं, प्रुफं काढणं, छपाई, बांधणी, सगळं. आपल्या वर्गात जोडाक्षरं शिकवताना काय दमछाक होते ते आपण जाणतो. इंग्रजीची सव्वीस अक्षरं जुळवायला थोडे खण पुरतात. देवनागरीला मात्रा, उकार, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागत. त्यात खिळ्यावरचं अक्षर उलटं. मोठेपणी 'ग म भ न' शिकलेली बाई उभं राहून उलट्या 'ष्ट'चा खिळा शोधतेय, आणि असं एकदोन पानं नाही, सहासष्ट पुस्तकांचा एक ग्रंथ! रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. शेवटची प्रुफं तपासून मगच त्यांनी डोळे मिटले, असं सांगतात. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, शाळेत बायबल कशाला? प्रश्न रास्त आहे. मुक्ती ही ख्रिस्ती संस्था होती, तिथल्या मुली त्या धर्मात वाढल्या, आणि त्यावरून रमाबाईंवर त्या काळी भरपूर टीकाही झाली. हे लपवू नये, मोठ्या वर्गात तर उघड चर्चा व्हावी. पण ज्ञानेश्वरी शिकवताना आपण दीक्षा देत नाही, लीळाचरित्र वाचून कुणी महानुभाव होत नाही. मराठी पुस्तकाचा इतिहास शिकवायचा तर केडगावचं पान फाडून कसं चालेल?

या ग्रंथाची नवी, खऱ्या अर्थाने देखणी आवृत्ती कुणी काढणार असेल तर माझी मागणी अशी. रमाबाईंच्या भाषेला हात लावू नका. जुने शब्द अडले तर समासात अर्थ द्या. अक्षर मोठं ठेवा, ओळींमध्ये जागा सोडा. एवढा ग्रंथ एका खंडात कोंबायचा म्हणजे कागद पातळ येतो आणि पाठीमागची अक्षरं पुढे दिसतात. त्यापेक्षा चार खंड करा. फर्मे शिवून बांधा, म्हणजे पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहील. नवशिका बोट ठेवून वाचतो, त्याचा दुसरा हात पान धरण्यात अडकू नये. सोनेरी कडा नकोतच. आणि सुरुवातीच्या पानावर, भाषांतरकाराच्या नावाखाली, हे खिळे बायकांनी जुळवले एवढं ठळक छापा.

हाच हट्ट मी आमच्या शाळेच्या वाचनपेटीसाठीही धरतो. नुसत्या डिंकावर चिकटवलेली पुस्तकं दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पानं सोडतात. बारीक टाइपात अडखळणाऱ्या मुलाला आपण 'कच्चा' ठरवून मोकळे होतो. तेच पोर मोठ्या अक्षरात बरं वाचतं, करून पाहा. 'मुलांचंच तर पुस्तक, चालतंय' हे वाक्य मला सहन होत नाही. पालकहो, पुस्तक घेताना किंमत बघा, पण आधी ते मधोमध उघडून टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. मिटलं, तर दुसरं मागा.