गॅस संपत नाही, तो गळतो

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नरसी नामदेव येथे मे महिन्यातील दुपार अंगाला चटके देणारी असते. पण घाम अंगावर फारसा टिकत नाही. हवा कोरडी असल्याने तो लगेच वाळतो. कयाधूच्या काठावरील या गावातच नव्हे, तर एकूण हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्याशी मुकाबला केला जातो तो खिडकीत बसविलेल्या कूलरच्या साह्याने. ओल्या गवताच्या जाळ्यांतून हवा आत ओढायची, पाण्याची वाफ होताना ती उष्णता शोषून घेते आणि खोली गार होते, एवढे साधे हे तंत्र. जुलैत पाऊस पडून हवा दमट झाली की मात्र हाच कूलर निरुपयोगी ठरतो. हवेतच पाणी भरलेले असताना आणखी पाण्याची वाफ होणार कशी?

मराठवाड्यात पावसाळ्यातील चार दिवस जी अडचण येते, ती मुंबई, ठाणे, नवी मुंबई, अलिबाग, रत्नागिरी या पट्ट्यात वर्षातील बहुतेक महिने असते. नोकरीधंद्यानिमित्त मराठवाड्यातून किनाऱ्यावर आलेल्या कुटुंबांना पहिल्याच उन्हाळ्यात हा धडा मिळतो. सोबत आणलेला कूलर खोली गार करण्याऐवजी भिंतींना ओल आणतो आणि वर्ष-दोन वर्षांत घरात एसी येतो. तो कसा निवडावा याची चर्चा वर्तमानपत्रांतून भरपूर होते. तो टिकवावा कसा, याची मात्र जवळजवळ होत नाही.

चैन नव्हे, गरज

दमट उष्म्याकडे केवळ तापमापीच्या आकड्यावरून पाहणे फसवे असते. म्हणूनच भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंश सेल्सिअसचा, तर किनारपट्टीवर ३७ अंशांचा निकष ठेवला आहे. घाम वाळला नाही की शरीर स्वतःला थंड करू शकत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला, तेव्हा हे वास्तव अत्यंत क्लेशदायक रीतीने समोर आले.

एसी हवा थंड करतो तसा तिच्यातील बाष्पही काढून घेतो. इनडोअर युनिटच्या नळीतून ठिबकणारे पाणी म्हणजे हेच बाष्प. घरातील वृद्ध, आजारी किंवा तान्ह्या मुलांसाठी किनाऱ्यावर हे यंत्र आता चैनीची वस्तू राहिलेले नाही. साहजिकच ते ऐन मे महिन्यात बंद पडणे ही केवळ गैरसोय ठरत नाही.

खाऱ्या हवेचा घाला

ज्या हवेपासून संरक्षण मिळावे म्हणून एसी घेतला, तीच हवा त्याची शत्रू असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि आउटडोअर युनिटच्या कॉइलवर बसतात. या कॉइलमध्ये तांब्याच्या नळ्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकमेकांना चिकटून असतात. दोन भिन्न धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओलावा, असा संयोग झाला की ॲल्युमिनियम झपाट्याने झिजू लागते. पट्ट्यांवर पांढरी भुकटी दिसू लागते आणि कालांतराने त्या हाताने चुरगळता येतात. पट्ट्या झिजल्या की उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता घटते, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो आणि विजेचे बिल वाढते.

उघडे नाले आणि प्रदूषित खाड्या यांच्या लगतच्या वस्त्यांत आणखी एक संकट असते. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू तांब्याला काळवंडवतो. घरातील नवे प्लायवूड, गोंद, रंग यांतून निघणाऱ्या सेंद्रिय आम्लांच्या वाफाही दमट हवेत तांब्याला मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म छिद्रे पाडू शकतात. छिद्र डोळ्यांना दिसत नाही. पण त्यातून गॅस निसटत राहतो.

दरवर्षीचे गॅस चार्जिंग

येथेच या व्यवसायातील सर्वांत मोठा गैरसमज सुरू होतो. 'गॅस संपला आहे, भरावा लागेल' हे वाक्य किनाऱ्यावरील असंख्य घरांत दर उन्हाळ्यात ऐकू येते. वस्तुतः एसीतील गॅस हे मोटारीतील पेट्रोलसारखे इंधन नाही. तो बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो आणि यंत्र सुस्थितीत असेल तर वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच : कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे होय.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी लागोपाठ तीन उन्हाळे असेच गॅस चार्जिंग झाले. चौथ्या वर्षी आलेल्या मेकॅनिकने गेज लावण्याआधी नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एका नटाजवळ बुडबुडे आले. दुरुस्तीला अर्धा तास लागला. त्याआधीचे तीन वर्षांचे पैसे मात्र हवेत गेले होते.

अनेकदा गॅस कमी झालेलाही नसतो. कॉइलवर बर्फ जमणे हे गॅस कमी असल्याचे लक्षण आहे, तसेच ते फिल्टर तुंबल्याचेही असू शकते. म्हणून फिल्टर धुऊन, बर्फ वितळू देऊन पुन्हा पाहिल्याविना गॅस भरण्यास संमती देऊ नये.

योग्य दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. नायट्रोजनच्या दाबाने गळती शोधायची, सांधा दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा आणि बाष्प काढायचे आणि मग युनिटवरील पट्टीवर लिहिलेल्या वजनानुसार काट्यावर मोजून गॅस भरायचा. दाब तपासण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन वापरणे तर जीवघेणे असते. कॉम्प्रेसरमधील तेलाशी त्याचा संयोग झाल्यास स्फोट होऊ शकतो.

हे सारे होत नाही, याचा दोष केवळ मेकॅनिकच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ऐन हंगामात दिवसाला अनेक घरे गाठायची, व्हॅक्यूम पंप खांद्यावर घेऊन जिने चढायचे आणि ग्राहकाने 'शेजारी तर कमी पैशांत करून देतो' म्हणायचे, अशा परिस्थितीत घाईचा मार्गच रूढ होतो. वरच्या मजल्यावरील छज्जावर सुरक्षा पट्ट्याविना बसून काम करणारा तरुण आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याच्या जिवाची किंमत आपल्या बिलात कोठेच नसते.

बदलते गॅस, वाढती जोखीम

प्रश्न केवळ घराच्या खर्चाचा नाही. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला मारक आहे. माँट्रियल करारानुसार भारतात या गटातील वायू नव्या उपकरणांच्या उत्पादनातून १ जानेवारी २०२५ पासून हद्दपार झाले असून, जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठीचा पुरवठाही २०३० पर्यंत जवळजवळ थांबवायचा आहे. त्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी असला, तरी एक किलो गळाला तर सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. आज प्रचलित असलेल्या आर-३२ चा परिणाम त्याच्या सुमारे एकतृतीयांश आहे. या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटविण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता दिली.

तथापि, आर-३२ सौम्य ज्वालाग्राही आहे आणि त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो. काही यंत्रांत वापरला जाणारा आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. नळीत गॅस शिल्लक असताना ज्योत लावण्याची जुनी सवय येथे प्राणावर बेतू शकते. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ मधील शीतलीकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, ते याच कारणाने. तरीही दारात आलेल्या मेकॅनिकला 'आपण प्रशिक्षण कोठे घेतले?' असे विचारणारे ग्राहक किती आहेत? ग्राहक विचारत नाही तोवर प्रमाणपत्राला बाजारात किंमत येणार नाही.

ग्राहकाच्या हाती काय?

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा. आउटडोअर युनिट हाताशी सुरक्षितपणे येत असेल, तर वीज बंद करून त्याची कॉइल महिन्या-दोन महिन्यांनी साध्या गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावी. मीठ निघून जाण्यास तेवढे पुरते. तीव्र आम्लाने कॉइल 'चकाचक' करून घेऊ नये, कारण त्याने पट्ट्यांवरील संरक्षक लेपही जातो. खरेदी करतानाच लेप दिलेली कॉइल मागावी. पाण्याची नळी पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्यावी. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढविले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. तेव्हा १८ ऐवजी २४ अंश ठेवल्यास यंत्रावरील ताणही कमी होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गॅस भरण्याची वेळ आलीच तर तीन प्रश्न विचारावेत : गळती कोठे सापडली, व्हॅक्यूम केले काय आणि किती ग्रॅम गॅस भरला? ही उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. नीट काम करणाऱ्याला त्याचे चार पैसे अधिक द्यावेत.

नरसी परिसरात बोअरच्या पाण्यातील क्षारांनी कूलरच्या जाळ्या पांढऱ्या पडतात. तेथील माणूस त्याबद्दल तक्रार करीत बसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर टाकी घासतो, गवत बदलतो आणि मोटारीला तेल देतो. यंत्र साधे असल्याने त्याला त्याची प्रकृती ठाऊक असते. किनाऱ्यावरील एसी गुंतागुंतीचा आहे, म्हणून आपण त्याच्याकडे पाहणेच सोडून दिले आहे. मिठाने गंजणारी नळी आणि छज्जावर लटकणारा मेकॅनिक या दोहोंकडे मे महिन्याआधी, फेब्रुवारीतच लक्ष दिले, तर दर उन्हाळ्याचा हा गॅसचा भुर्दंड टळू शकेल.