आधी उत्तरेतली नोकरी, मग पीआर

मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी दक्षिणेकडे आलो की जेवणाच्या रांगेत हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं : "युकॉनमधून होतं म्हणे." बोलणारा बहुधा सरे किंवा ब्रॅम्प्टनमध्ये राहणारा असतो. त्याचं शिक्षणानंतरचं वर्क परमिट संपत आलेलं असतं, एक्स्प्रेस एंट्रीचा कटऑफ पाचशेच्या वर जाऊन बसलेला असतो, आणि युकॉन नकाशात नेमकं कुठे येतं हे त्याने त्याच आठवड्यात पाहिलेलं असतं. मी युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला राहतो हे कळलं की तो ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसतो. त्याला हसण्यासारखं काही नाही. मात्र त्याला जे एकेकट्याला सांगतो ते एकदा सगळ्यांसाठी लिहून टाकावं, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं थोडक्यात असं. युकॉनचं नॉमिनेशन ही पीआरची, म्हणजे कॅनडातल्या कायम वास्तव्याच्या परवानगीची, पळवाट नव्हे, तो नोकरीचा करार आहे. नोकरी म्हणून तो परवडत असेल तर जरूर या. नुसती पीआर डोळ्यांसमोर ठेवून आलात तर तुमचं नुकसान होईल आणि तुमच्या मागून येणाऱ्यांचंही.

क्वेबेक आणि नुनाव्हुट सोडले तर कॅनडातल्या प्रत्येक प्रांताला आणि टेरिटरीला आपल्या गरजेची माणसं निवडून केंद्राकडे त्यांची शिफारस करता येते. ही शिफारस म्हणजेच नॉमिनेशन. एक्स्प्रेस एंट्रीतून अर्ज केलेल्याला त्याचे ६०० गुण मिळतात, त्यामुळे पुढचा रस्ता जवळजवळ मोकळा होतो. सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात ते हे ६०० गुण. ते मिळतात कशाबद्दल, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. युकॉनमध्ये कामगारांच्या अर्जाची सुरुवात उमेदवारापासून होतच नाही, ती मालकापासून होते. त्याला इथलं माणूस मिळालं नाही हे त्याने दाखवायचं, पूर्णवेळ कायमची नोकरी द्यायची, आणि मग मालक, कामगार व युकॉन सरकार अशा तिघांनी एका करारावर सह्या करायच्या. सरकार मधे सही करतं याचा अर्थ पगार, काम, कामाची जागा हे सगळं कागदावर आहे आणि ते पाळलं जातंय की नाही हे कुणीतरी येऊन विचारू शकतं. गुणांच्या गणितात रमलेली आपली मंडळी हा करार शेवटी वाचतात, कधीकधी वाचतही नाहीत.

आता आकडे बघा. युकॉनचं क्षेत्रफळ ४,८२,४४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ४०,२३२ भरली. पुण्यातल्या एका प्रभागातही याहून जास्त लोक राहतात. त्यातले अठ्ठावीस हजारांच्या वर एकट्या व्हाइटहॉर्स शहरात. उरलेले डॉसन, वॉटसन लेक, हेन्स जंक्शन अशा गावांमध्ये विखुरलेले. इतक्या थोड्या लोकांच्या प्रदेशाला २०२४ मध्ये ४३० नॉमिनेशन्स मिळाली होती. केंद्राने सगळ्याच प्रांतांचा कोटा कापला आणि २०२५ च्या सुरुवातीला ती २१५ वर आली. दोनशे पंधरा! आपल्या मंडळाच्या कोजागरीला याहून जास्त माणसं जमतात. अशा मोजक्या जागांवर देशभरातल्या संपत आलेल्या परमिटवाल्यांचा डोळा आहे.

त्या जागा कुणासाठी आहेत? नर्स, बालवाडीच्या शिक्षिका, मेकॅनिक, स्वयंपाकी, हॉटेलच्या खोल्या आवरणारे, फूड काउंटरचे सुपरवायझर, इमारतींची देखभाल करणारे. पुण्याच्या आयटीतून आलेल्या बॅकएंड डेव्हलपरला इथे मालक सापडणं अशक्य नाही, पण कठीण आहे. मग तो हॉटेलच्या किचनकडे वळतो. आपल्या मध्यमवर्गाची खरी परीक्षा इथे लागते. माझ्या ओळखीतला एक मेकॅनिकल इंजिनिअर इथे एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्याची आई गावाकडे सांगते, "तो हॉटेल मॅनेजमेंटमध्ये आहे." मुलगा हसतो आणि कांदे चिरतो. त्याचं बरं चाललंय, कारण त्याला कामाची लाज नाही. लाज वाटणारे मी पाहिलेत. त्यांना रोज संध्याकाळी आपली पदवी आठवते, ते सहकाऱ्यांशी मोकळे बोलत नाहीत आणि मनातल्या मनात पीआरच्या तारखेचे दिवस मोजत बसतात. त्यांना ही नोकरी जन्मठेपेसारखी वाटते. कामही तसंच होतं आणि मालकाच्या ते लक्षात यायला वेळ लागत नाही.

थंडीबद्दल सगळे विचारतात, म्हणून तेही सांगतो. थंडीची लाट आली की पारा उणे पस्तीस-चाळीसवर जातो. इथल्या गाड्यांच्या नाकातून एक प्लगची वायर लोंबत असते. ती रात्री भिंतीतल्या सॉकेटला जोडायची, म्हणजे इंजिनाचा हीटर चालू राहतो आणि सकाळी गाडी सुरू होते. विसरलात तर सकाळच्या पाळीचा पगार गेला. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य सकाळी अकरानंतर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो. हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत पाळी असेल तर आठवडाभर ऊन दिसत नाही. थंडी आपल्या लोकांना अवघड जात नाही, चांगलं जॅकेट घेतलं की भागतं. अवघड जातो तो अंधार. त्याला जॅकेट नाही. उलट जूनमध्ये एकोणीस तास उजेड असतो, रात्री अकराला नदीकाठी मुलं सायकली चालवतात, आणि तेव्हा इथे राहण्यासारखं सुख नाही असं वाटतं. पण जूनचे फोटो पाहून निर्णय घेऊ नका.

पैशाचं गणित बरं आहे, पण लोक समजतात तितकं सरळ नाही. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १७.९४ डॉलर होतं, म्हणजे ऑन्टारिओपेक्षा थोडं जास्त. टेरिटरीचा विक्रीकर नाही, फक्त केंद्राचा पाच टक्के. उत्तरेत राहणाऱ्यांना प्राप्तिकरातही सवलत मिळते. दुसरीकडे घरं कमी आणि भाडी चढी. भाजीपासून दुधापर्यंत बहुतेक सगळं अलास्का हायवेने ट्रकमधून येतं. २०१२ च्या जूनमध्ये पुराने हा रस्ता तुटला आणि व्हाइटहॉर्सच्या दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. कोथिंबिरीची जुडी परवडत नाही म्हणून आमच्या घरी ती खिडकीत कुंडीत असते. व्हँकुव्हर विमानाने अडीच तास, रस्त्याने सुमारे चोवीसशे किलोमीटर. आई आजारी पडली तर मुंबईला पोचायला किती वेळ आणि किती पैसे लागतील, हा हिशोब निघायच्या आधी करून ठेवा.

आता या व्यवस्थेच्या सर्वांत मोठ्या दोषाबद्दल. या वाटेने येणाऱ्याचं वर्क परमिट बहुधा एकाच मालकाला बांधलेलं असतं. तो मालक भला असला तर प्रश्नच नाही, आणि इथे भले मालक पुष्कळ आहेत. पण भला नसेल तर? जादा तासांचे पैसे दिले नाहीत, सुट्टी नाकारली, कराराबाहेरचं काम करायला लावलं, तर कामगार तोंड उघडताना दहा वेळा विचार करतो, कारण नोकरीबरोबर पीआरही जाईल ही धास्ती असते. मालक भला असूनही धंदा बुडू शकतो. जून २०२४ मध्ये मेयोजवळच्या ईगल सोन्याच्या खाणीत खनिजाचा प्रचंड ढीग खचला, ऑगस्टमध्ये कंपनीचा कारभार न्यायालयाने रिसीव्हरकडे सोपवला. इथली अर्थव्यवस्था अशी थोड्या खांबांवर उभी आहे. २०२० मध्ये युकॉनने एक वेगळा प्रयोग सुरू केला होता. त्यात परमिट मालकाऐवजी गावाला बांधलेलं असे आणि दोन-तीन अर्धवेळ नोकऱ्या मिळून एक पूर्ण नोकरी धरली जाई. मला विचाराल तर हाच शहाणपणाचा रस्ता आहे. प्रदेशाला माणूस हवा असेल तर त्याला प्रदेशाशी बांधा, एका हॉटेलच्या मालकाशी कशाला?

दुसरा दोष या योजनेत नाही, तिच्या भोवतालच्या बाजारात आहे. नोकरीचं पत्र विकणारे एजंट. मालक खरा आहे की नाही, ती जागा खरोखर रिकामी आहे की नाही, याचा पत्ता नसताना काही लाख रुपये मोजणारी माणसं आपल्यातही आहेत. एरवी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस इथे पावतीसुद्धा मागत नाही, हे मला आजवर उमगलेलं नाही.

युकॉनमध्ये टिकतं कोण, हे फिलिपिनो लोकांकडे पाहिलं की कळतं. व्हाइटहॉर्सच्या कुठल्याही दुकानात, इस्पितळात, शाळेच्या स्वयंपाकघरात ते दिसतात. आधी एक जण आला, मग बायको, मग भाऊ, मग भावाची मेव्हणी. चर्च आलं, बास्केटबॉलची टीम आली, मुलं इथल्या शाळेत शिकून इथेच कामाला लागली. आपला माणूस एकटा येतो. बायको टोरंटोत नोकरीला, मूल पुण्यात आजीकडे, आणि हा इथे तळघरातल्या भाड्याच्या खोलीत. असा माणूस कितीही चांगला असला तरी राहत नाही, राहणारही नाही. निघण्यापूर्वी नवरा-बायकोने समोरासमोर बसून एका प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं : दुसऱ्याच्या करिअरचं इथे काय होणार? नर्स असेल, शिक्षिका असेल, अकाउंट्स येत असतील तर काम मिळतं. बाकीच्यांनी आधी चौकशी करावी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. पीआर मिळाल्यावर कॅनडात कुठेही राहण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिलेला आहे, हक्कांच्या सनदेचं सहावं कलम वाचा. मग दोन वर्षं काढून माणूस खाली आला तर काय बिघडलं? काहीच बिघडलं नाही. युकॉनला अशा येण्याजाण्याची सवय आहे. १८९६ मध्ये क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोनं सापडलं तेव्हा लाखभर माणसं घरून निघाली, तीस-चाळीस हजार पोचली, आणि अलास्कात नोमला सोनं सापडल्याची बातमी येताच हजारो जण निघूनही गेले. त्या काळी चिलकूट खिंडीवरचे पोलिस वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नसत. सुमारे टनभर सामान माणसं पाठीवरून खेपा करत वर नेत. नियम कडक होता, पण त्यामुळे उपासमार टळली. राहायचा प्रयत्न करून, जमलं नाही म्हणून जाणाऱ्याला मी दोष देत नाही. माझा आक्षेप सही करतानाच परतीची तारीख ठरवून ठेवणाऱ्यावर आहे. या प्रदेशात राहण्याचा आपला इरादा आहे असं तो लिहून देतो आणि त्याच संध्याकाळी मित्राला फोनवर "दोन वर्षांत मिसिसागा" असं सांगतो. हे खोटं आहे. मोजक्या जागांमधली एक जागा त्याने घेतली, आणि ज्या गावाने त्याला शिकवून तयार केलं त्या गावाला पुन्हा माणूस शोधावा लागला. असे दहा-बारा अनुभव आले की पुढच्या वेळी 'पाटील' किंवा 'कुलकर्णी' नाव पाहून मालक अर्ज बाजूला ठेवेल. तसं झालं तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

आणखी एक. 'दुर्गम' हा शब्द आपण टोरंटोहून पाहून वापरतो. इथे चौदा फर्स्ट नेशन्स आहेत, त्यातल्या अकरांची स्वतःची सरकारं आहेत. व्हाइटहॉर्स ज्या जमिनीवर आहे ती क्वानलिन डुन आणि ताआन क्वाचान लोकांची. त्यांच्यासाठी हे मुक्कामाचं ठिकाण आहे, हजारो वर्षांपासून. त्यांच्या कार्यक्रमांना जा, बोलावतात. पहिल्या हिवाळ्यात माझं मन रमलं ते यामुळे.

मग यावं कुणी? ज्याला हातातलं काम येतं आणि ते करायची लाज नाही, ज्याचा जोडीदार बरोबर येईल, ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च आहे, आणि ज्याने फेब्रुवारीत येऊन एकदा पाहिलंय, त्याने खुशाल यावं. मी स्वतः विमानतळावर घ्यायला येईन. केवळ परमिट संपतंय म्हणून घाबरून येऊ नये. भीतीपोटी केलेली सही नेहमी महागात पडते.

मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. 'युकॉनमधून होतं' छापाचे निरोप मंडळाच्या व्हॉट्सॅप गटावर फिरू देऊ नका. त्याऐवजी वर्षातून दोनदा परवानाधारक सल्लागाराला बोलवा आणि करार कसा वाचायचा हे मुलांना शिकवा. एकाच मालकाला बांधलेली परमिटं बंद व्हावीत, म्हणून आपापल्या खासदाराला पत्र लिहा. आणि तुम्ही, ताट घेऊन माझ्याशेजारी बसणारे : कुणी नोकरीच्या पत्रासाठी पैसे मागितले तर एक डॉलरही देऊ नका. त्या माणसाचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत आहे का ते पाहा. ती यादी फुकट बघता येते, आणि नाव तिथे असलं तरी नोकरीचं पत्र विकत घेऊ नका.