यंत्र आलं, पण माणूस?

गेल्या पावसाळ्यात आई मोरीत घसरून पडली, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. रात्री अकराला तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. डॉक्टर होते, वीज होती, एक्स-रेचं यंत्रही होतं. ते चालवणारा मात्र नव्हता. "एकटाच आहे हो तो, सकाळी येईल," सिस्टर म्हणाल्या. रात्रभर आई मनगट धरून कण्हत होती.

सकाळी तो आला. "आजी, हात तुम्ही हलवू नका, मी यंत्र वळवतो," म्हणाला आणि हाताखाली हळूच फोमचा ठोकळा सरकवला. पहिल्याच फोटोत काम झालं. बटण दाबणं कुणालाही जमेल, पण हे कसब शिकावंच लागतं.

बाहेर गप्पा झाल्या. नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर. पगाराचं रडगाणं त्याने गायलंच नाही. म्हणाला, "काका, बरोबरचे मित्र पुण्यात सीटी, एमआरआय शिकले. मी इथे हातापायांचेच फोटो काढत म्हातारा होणार का?" दोन महिन्यांनी कळलं, तोही गेला. आता पुन्हा जाहिरात!

काहीजण म्हणतात, बाँड लिहून घ्या. मला नाही पटत. बाँडने माणूस अडकतो, टिकत नाही. त्यापेक्षा एका जागी निदान दोघे नेमा, म्हणजे रजा घेता येईल आणि रात्रही सांभाळता येईल. वर्षातले दोन-तीन महिने जिल्हा रुग्णालयात सीटीवर पाठवा. करार संपायची टांगती तलवार काढा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला रीतसर ओळख दिली, चांगलंच झालं. पण कागदावरच्या ओळखीने रात्रपाळी भरत नाही.

हल्ली फोटो इंटरनेटवरून पाठवून दूरच्या शहरातल्या रेडिओलॉजिस्टकडून रिपोर्ट मागवता येतो. उत्तम सोय आहे. पण तो फोटो आधी इथेच काढावा लागतो ना? दुखरा हात दुरून कोण धरणार?

यंत्र आलं की फीत कापतात, पेपरात फोटो येतो. तंत्रज्ञ सोडून जातो तेव्हा कुणाला पत्ताही लागत नाही. लागतो तो रात्री अकराला, आपलंच माणूस कण्हत असताना.

असो. आई आता बरी आहे, पोळ्याही लाटते. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? जरूर कळवा.