सफरचंद की बाहुली?

परवा ताईकडे गेलो होतो. भाचा (यत्ता सातवी, इंग्रजी माध्यम) तोंड फुगवून बसलेला. म्हटलं, काय झालं रे? त्याने चाचणीचा कागद पुढे केला. प्रश्न : 'अ‍ॅपल ऑफ माय आय'चा अर्थ लिहा. पठ्ठ्याने लिहिलं होतं, फार लाडकं माणूस. मूळ अर्थ डोळ्यातली बाहुली. दुसऱ्या अर्ध्यावर लाल फुली, अर्धा मार्क कापलेला. वर्गात बाईंनी सांगितलं म्हणे, सफरचंद सगळ्यांना आवडतं, म्हणून तसं म्हणतात!

अर्ध्या मार्काचं मला काही नाही. पण इथे चूक बाईंची आहे, पोराची नाही, आणि ते मी ठासून सांगणार.

जुन्या इंग्रजीत डोळ्याच्या बाहुलीलाच 'सफरचंद' म्हणत, ती गोल गोळ्यासारखी असते या समजुतीने. 9व्या शतकात आल्फ्रेड राजाच्या नावावर असलेल्या पोप ग्रेगरीच्या ग्रंथाच्या भाषांतरात ही सफरचंदं सापडतात. पुढे 1611 च्या बायबलमुळे हा प्रयोग सर्वांच्या तोंडी बसला. तिथल्या मूळ हिब्रूत शब्द आहे 'ईशोन', म्हणजे डोळ्यातला छोटा माणूस असा अर्थ लावतात. लॅटिनमध्ये 'पुपिल्ला', छोटी मुलगी, बाहुली. इंग्रजीतलं 'प्युपिल' त्यातूनच आलं. आणि आपण काय म्हणतो? बाहुली! कुणाच्याही डोळ्यात अगदी जवळून बघा, आपलंच एवढंसं चित्र दिसतं. कुठली कोण माणसं, पण सगळ्यांना दिसलं ते एकच. आमच्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, नातवाला हे सहज बोलता बोलता सांगितलं. त्याने नेटवर खात्री करून घेतली. आणि आपण त्यावर फुली मारली.

कुणी म्हणेल, परीक्षेपुरता अर्थ आला की झालं, कशाला खोलात जायचं? मग खोट्या गोष्टी तरी का सांगता? 'पुल द वूल ओव्हर समवन्स आइज' म्हणजे चोर लोकांचे लोकरीचे टोप डोळ्यांवर ओढायचे, असं त्याच गाइडात छापलंय. आता, या प्रयोगाचे जुने छापील पुरावे 19व्या शतकातल्या अमेरिकेतले. तोवर टोपांची फॅशन केव्हाच उतरली होती. 'डोळ्यात धूळ फेकणे' एवढं सांगितलं असतं तरी पोराला क्षणात कळलं असतं. पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची बंदी!

नेल्सनचंही तसंच. 'टर्न अ ब्लाइंड आय' हा प्रयोग त्याच्यापासून सुरू झाला असं बिनदिक्कत सांगतात. गोष्ट झकास आहे, मलाही आवडते : 1794 साली कोर्सिकात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला तेव्हा त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली म्हणे. पण हा प्रयोग त्याच्या आधीपासून भाषेत आहे. आपल्याकडे 'कानाडोळा' आहेच!

मराठीतून समजून घेतलं तर पोरं शब्दाला शब्द ठेवतील, ही भीती मात्र मला मान्य आहे. 'कीप अॅन आय ऑन माय बॅग'चं याच भाच्याने मागे 'माझ्या बॅगेवर डोळा ठेवा' केलं होतं. आम्ही हसून हसून बेजार. मराठीत बॅगेवर डोळा ठेवतो तो चोर! पण हा फरक त्याला कळला कधी? दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या तेव्हाच ना? नुसती यादी पाठ करून कळला असता का? अजिबात नाही.

आणि हो, बाईंवर माझा राग नाही. त्यांच्या हातात गाइड दिलंय, त्या ते शिकवतात. राग आहे तो घरातली भाषा दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायला लावणाऱ्या नियमावर.

ताईला म्हटलं, चिठ्ठी लिही. ती म्हणाली, "तूच लिही, तुला फार हौस आहे." लिहिली. इंग्रजीत लिहिली, नाहीतर त्यावरही फुली यायची :) सोमवारी भाचा घेऊन जाणार आहे. उत्तर आलं तर कळवतोच.